परातीतली भाकरी

लिंबगव्हाणच्या हायस्कुलात बद्रीनाथ सरांना पोरं पाठीमागे ‘बघू सर’ म्हणत आणि त्यात पोरांची काही चूक नव्हती. कंपाउंडची भिंत पडली, सर म्हणाले, बघू. विज्ञानाच्या खोलीतलं कपाट वाळवीनं खाल्लं, सर म्हणाले, बघू. दोन पोरांच्या मारामारीवरून दोघांचे बाप ऑफिसात येऊन एकमेकांच्या अंगावर धावले, तेव्हाही सरांनी दोघांना चहा पाजला, पावसापाण्याच्या गप्पा काढल्या आणि जाताना म्हणाले, बघू. सर कामचुकार मुळीच नव्हते. शाळेत सगळ्यांच्या आधी येत, सगळ्यांच्या नंतर जात. पण मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून त्यांना एक गोष्ट कळली होती. निम्मी भांडणं बघू म्हटल्यानं आपोआप मिटतात आणि उरलेली निम्मी काहीही म्हटलं तरी मिटत नाहीत. मग उगीच तोंड कशाला वाईट करून घ्यायचं?

त्यातून हे त्यांचं शेवटचं वर्ष. मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. हे एक वर्ष कुठली कटकट न होता पार पडावं, एवढी एकच इच्छा त्यांनी जूनमध्ये शाळा उघडताना सरस्वतीच्या फोटोला हार घालता घालता मनात धरली होती.

शाळा लहानच. पाचवी ते दहावी, एका वर्गाला एक तुकडी, घनसावंगीच्या रस्त्याला लागून पत्र्याच्या खोल्या आणि पुढे लांबलचक व्हरांडा. वर्ष दरवर्षीसारखंच सुरू झालं. जूनमध्ये नव्या पोरांना गुलाबाची फुलं देऊन फोटो काढले. जुलैत झाडं लावली. खड्डे गेल्या वर्षीचेच होते, रोपं तेवढी नवी होती. पंधरा ऑगस्टला प्रभातफेरी निघाली आणि एका म्हशीनं ती मधूनच फोडली, तरी घोषणा काही थांबल्या नाहीत.

शाळेत रोज घडणारी एक गोष्ट मात्र सगळ्यांना दिसायची आणि कुणी तिच्याबद्दल बोलायचं नाही. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात खिचडीची पंगत बसायची. स्वयंपाकाच्या दैवशालाबाई वाढायच्या आणि पोरं रांगेनं जेवायची. पण शाळेतलं जेवण आठवीपर्यंतच. आठवी पास झालेल्या पोराची भूक मिटते असा हिशेब कुणी कुठं बसून केला होता देव जाणे. एप्रिलपर्यंत पंगतीत बसलेलं पोर जूनमध्ये नववीत गेलं की त्यानं त्याच खिचडीचा वास घेत बाजूनं निघून जायचं. ज्यांच्याजवळ डबा होता ती वर्गात बसून खायची. ज्यांच्याजवळ नव्हता ती हापशाकडं जायची, पोटभर पाणी प्यायची आणि तोंड पुसत परत यायची. कुणी विचारलं तर घरून जेवून आलो म्हणायची. बद्रीनाथ सर ऑफिसच्या खिडकीतून हे बघत आणि आपला डबा उघडत. त्यांना वाईट वाटायचं, पण नियमाला ते तरी काय करणार?

सप्टेंबरात शिक्षक दिन आला. या दिवशी दहावीची पोरं शाळा चालवत. मुली आयांच्या साड्या नेसून येत, पोरं कुणाचा तरी ढगळ कोट अंगात घालून खालच्या वर्गांवर डोळे वटारत. मुख्याध्यापक कोण व्हायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरे आणि खरे मुख्याध्यापक दहावीच्या शेवटच्या बाकावर जाऊन विद्यार्थी होत. चिठ्ठी निघालेल्यानं एक हुकूम काढायचा आणि तो दिवसभर सगळ्यांनी पाळायचा, अशी या शाळेची जुनी रीत होती. आजवर हुकूम निघत ते गृहपाठ बंद, नाहीतर शेवटचे दोन तास खेळाचे, असेच.

या वर्षी चिठ्ठी शालूची निघाली. शालू म्हणजे खो-खोच्या संघातली ठेंगणी, काटक पोरगी. मैदानावर विजेसारखी पळायची आणि वर्गात विचारल्याशिवाय ओठ उघडायची नाही. परिपाठ संपल्यावर सरांनी चार शब्द बोलायचे होते. आपला हा शेवटचा शिक्षक दिन, या विचारानं सर हळवे झाले, आणि हळवा झालेला माणूस नको ते बोलून बसतो.

‘‘पोरांनो,’’ सर म्हणाले, ‘‘दरसाल हुकूम एक दिवस चालतो. यंदा तसं न्हाई. आजच्या मुख्याध्यापिका जो हुकूम काढतील, तो मी वर्षभर पाळीन. हा माझा शब्द हाय.’’

टाळ्या पडल्या. विज्ञानाच्या सुहासिनी मॅडम जालन्याहून येऊन-जाऊन करत. अंबडपर्यंत बस आणि पुढे जीप, असा प्रवास रोज करून त्यांची जीभ चांगलीच धारदार झाली होती. त्या शेजारच्या शिक्षकाला हळूच म्हणाल्या की सरांनी आज हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

दुपारी शालूनं दहावीच्या वर्गातच शिक्षकांची सभा घेतली. आईची साडी तिला दोन हात मोठी होत होती. ती खुर्चीत बसली नाही, खुर्चीचा हात धरून उभी राहिली आणि पाठ केल्यासारखं एका दमात बोलली.

‘‘उद्यापासून मधल्या सुट्टीत पाचवी ते दहावी एकाच पंगतीत बसंल. खिचडी आठवीपर्यंतच्यांचीच राहील, तिला आमी हात लावनार न्हाई. नववी-दहावीवाल्यांनी घरून जे आनलं ते एका परातीत टाकायचं, अन् तितून सगळ्यांना बराबर वाढायचं. कुनी काय आनलं, आनलं का न्हाई आनलं, हे कुनी कुनाला विचारायचं न्हाई. हा हुकूम हाय.’’

शेवटच्या बाकावर सरांचं तोंड उघडलं. ‘बघू’ अगदी ओठांवर आलं होतं. पण साड्या नेसलेल्या आणि कोट घातलेल्या सगळ्या पोरांचे डोळे त्यांच्यावर होते, आणि शब्द देऊन अर्धा दिवससुद्धा झाला नव्हता. सरांनी तोंड मिटलं आणि मान हलवली.

दैवशालाबाईंनी तांदूळ निवडायची मोठी परात काढून दिली. दुसऱ्या दिवसापासून परातीत भाकरी पडू लागल्या. ज्वारीच्या, बाजरीच्या, एखाद्या खात्यापित्या घरच्या चपात्या. कोरड्या भाज्या शेजारच्या पातेल्यात जायच्या. वांगं, बटाटा, शेपू, मेथी सगळं एकत्र. त्या भाजीला नाव नव्हतं, पण चव होती. शालू आणि आणखी दोघं परात फिरवून वाढायची. सुरुवातीला पोरं लाजली, मग हसली, मग सवय झाली. हापशाकडं जाणारी पोरं पंगतीत येऊन बसली. सरांनी खिडकीतून हे पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं. आपण काहीच न करता चांगलं काम झालं, सुंठीवाचून खोकला गेला, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी नेहमीसारखा आपला डबा ऑफिसात उघडला.

तालुक्याच्या खो-खो स्पर्धा झाल्या. मुलींचा संघ घनसावंगीला जाऊन दुसरा आला. त्या संघात शालूच्या जोडीला पायल होती. पायल राधेश्यामभाऊंची मुलगी. राधेश्यामभाऊ म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. शाळेच्या समितीवर होते आणि दरवर्षीचा हरिनाम सप्ताह त्यांच्याच पुढाकारानं व्हायचा. माणूस वाईट नव्हता. शाळेच्या नळाचा पाइप त्यांनीच टाकून दिला होता. स्पर्धा झाल्यानंतरच्या आठवड्यात ते शाळेत आले, चहा घेतला, पोरींचं कौतुक केलं आणि उठता उठता म्हणाले की पायलचा डबा तेवढा वेगळा राहू द्या. तिला कुणाच्याही घरचं सोसत नाही.

जातीचं नाव त्यांनी काढलं नाही. काढायची गरजही नव्हती. मागच्या दोन-तीन वर्षांत गावात कोण कुणाच्या हॉटेलात चहा पितो याकडंही लोक लक्ष ठेवायला लागले होते. सर म्हणाले, ‘‘बघू.’’ आणि राधेश्यामभाऊंनी त्या बघूचा जो अर्थ घ्यायचा तो बरोबर घेतला.

दुसऱ्या दिवसापासून पायल व्हरांड्याच्या पायरीवर बसून आपला डबा खाऊ लागली. पंगतीकडं पाठ करून बसायची आणि पटापट गिळून उठायची. एका पोरीचं पोट नाजूक असेल, सरांनी स्वतःची समजूत घातली. पण नाजूक पोटाची साथ पसरली. आणखी एकाच्या घरून निरोप आला, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. सर प्रत्येकाला बघू म्हणाले. दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत पायरीवर दाटी झाली होती आणि परात अर्ध्यावर आली होती.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. हरिओम नावाचा दहावीतला एक पोरगा होता. उंच, अबोल, गणितात बरा. त्याचे आईवडील टोळीबरोबर गेले आणि तो आजीजवळ राहिला. परात आता तळ दाखवू लागली. तिच्याभोवती उरली ती बहुतेक अशी पोरं, ज्यांच्याजवळ आणायला काही नव्हतं किंवा अर्धी भाकरीच होती. ज्यांच्याजवळ भरलेले डबे होते ती पायरीवर. आता कुणाला काही विचारायची गरजच राहिली नव्हती. व्हरांड्यात कोण कुठं बसलंय एवढं बघितलं की पाचवीतल्या पोरालाही सगळं कळायचं.

एके दिवशी शाळा सुटल्यावर शालू ऑफिसात आली. दारात उभी राहून म्हणाली, ‘‘सर, हुकूम रद्द करा.’’

सरांनी चष्मा काढला. का म्हणून विचारलं.

‘‘पह्यलं कोन उपाशी हाय ते कुनाला म्हाईत नव्हतं. आता समद्या शाळेला म्हाईत झालं.’’ शालूचा आवाज चढला नव्हता. ‘‘हरिओम शाळेत येऊन न्हाई राह्यला. मीच हुकूम काढला, मलाच वाईट वाटून राह्यलं. तुमी रद्द करा.’’

एवढं बोलून ती गेली. तिनं सरांना दोष दिला नाही. दिला असता तर सरांना बरं वाटलं असतं. भांडण झालं असतं, आणि भांडण कसं मिटवायचं ते त्यांना येत होतं. आपल्या चार बघूंनी या पोरीचा हुकूम कसा उलटा करून ठेवला हे त्यांना खुर्चीत बसल्या बसल्या लख्ख दिसलं आणि स्वतःची चांगलीच लाज वाटली. आधी पोरं निदान खोटं बोलून मान वर ठेवत होती. आता तेवढंही आपण राहू दिलं नाही.

त्यांनी मोटारसायकल काढली आणि हरिओमच्या घरी गेले. आजी, गोजरबाई, अंगणात बसल्या होत्या. त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. आवाजावरून सरांना ओळखून त्यांनी पोरगं कापूस वेचायला गेलंय म्हणून सांगितलं. सर वाट पाहत बसले. हरिओम आला तो सरांना बघून दारातच थबकला. सर रागावले नाहीत. बोर्डाचं वर्ष आहे, प्रात्यक्षिकं आहेत, असं काहीबाही बोलले. मग मधल्या सुट्टीवर आले.

‘‘आनल्याबिगर बसावं वाटत न्हाई सर,’’ हरिओम जमिनीकडं बघत म्हणाला.

उद्या शाळेत ये, सर म्हणाले. उद्यापासून मीपण पंगतीत बसतो, हे त्यांनी तिथंच ठरवलं आणि तसं त्याला सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सर ऑफिसातून डबा घेऊन बाहेर आले आणि सगळ्यांदेखत तो परातीत उलटा केला. बायकोनं दिलेल्या चपात्या आणि दोडक्याची भाजी. मग ते मांडी घालून पोरांच्या रांगेत बसले. गुडघे कुरकुरले. सुहासिनी मॅडमनी दोन मिनिटांत आपला डबा आणला आणि परातीत टाकत म्हणाल्या की मी सप्टेंबरापासून वाट बघत होते. त्यांच्यामागून बाकीचे शिक्षकही आले. काही मनापासून आले, काही लाजेकाजेस्तव. हरिओम आला होता आणि पंगतीच्या टोकाला बसला होता. पण पायरी तशीच भरलेली होती. पायरीवरचं पोर आपल्या मनानं तिथं बसलं नव्हतं आणि आपल्या मनानं उठूही शकत नव्हतं.

डिसेंबरात अंबडला विज्ञान प्रदर्शन झालं. शाळेनं ठिबक सिंचनाचा नमुना नेला, तिथं तो गळला आणि परीक्षकांचे बूट भिजले. त्या गडबडीतच दत्तजयंतीचा सप्ताह आला. सप्त्याची गावाची रीत अशी की आमटी देवळापाशी मोठ्या कढईत शिजते, आणि भाकरी मात्र घराघरातून येतात. पोरं टोपल्या घेऊन गल्लोगल्ली फिरतात, बाया भाकरी टाकतात आणि मग देवळापुढं पांढऱ्या धोतरावर भाकरींचा ढीग लागतो. शेवटच्या दिवशी सगळं गाव जेवतं. राधेश्यामभाऊ कमरेला उपरणं बांधून सगळीकडं धावत होते. सगळ्यांना वाढून झाल्यावर ते शेवटच्या पंगतीला बसले. सर मुद्दाम त्याच पंगतीपर्यंत थांबले होते आणि त्यांच्या शेजारी बसले.

तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाला तोंडावर दुखवलं नव्हतं. त्यांनी पत्रावळीतली भाकरी उचलून विचारलं, ‘‘भाऊ, ही भाकर कुनाच्या घरची असंल?’’

राधेश्यामभाऊ हसले. ‘‘सप्त्याच्या भाकरीला घर नसतंय सर. जेवा.’’

‘‘मंग शाळेतल्या भाकरीलाच कामून असतंय?’’

राधेश्यामभाऊंचा घास हातात राहिला. ते म्हणाले की हे देवाचं काम आहे, देवाचं वेगळं. सर म्हणाले की पोरांचं पोट हेपण देवाचंच काम आहे, निदान कीर्तनात तरी काल तसंच सांगितलं, तुम्ही पहिल्या रांगेत बसला होता. मग आवाज बारीक करून त्यांनी जे सांगायचं ते सांगितलं.

‘‘उद्यापासून पायरीवर बसनं मी बंद करून राह्यलो. डबा परातीत टाकायचा, न्हाईतर मधल्या सुट्टीत घरी जाऊन जेवायचं. पायललाबी हेच. मी शब्द देल्ता अन् मीच तो मोडला. आता मोडनार न्हाई.’’

राधेश्यामभाऊ ताक न घेताच उठले. शेजारपाजारच्या चार जणांनी ऐकलं होतंच, त्यामुळं ही बातमी सरांच्या आधी सरांच्या घरी पोचली. बायको म्हणाली, शेवटच्या वर्षात कशाला अंगावर घेतलंत, समितीनं पेन्शनची कागदपत्रं अडवली म्हणजे? सरांनाही ती भीती होतीच. पण भीतीबरोबर हलकंही वाटत होतं, आणि भूक तर अशी लागली होती की सप्त्यात जेवूनही त्यांनी घरी परत ताट मागितलं.

मग काही दिवस मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी मोटारसायकली येऊन थांबू लागल्या. कुणाचा भाऊ, कुणाचा चुलता. पायलला न्यायला तिचा भाऊ यायचा. पोरं घरी जाऊन जेवायची आणि पुढच्या तासाला धापा टाकत परत यायची. हे प्रकरण घरच्यांनाच जड जाऊ लागलं. कापसाचे, तुरीचे दिवस. रोज दुपारी काम सोडून कोण येणार? एक-एक मोटारसायकल कमी झाली. पायलचा भाऊ मात्र येत राहिला.

एका दुपारी तो फाटकाशी हॉर्न वाजवत होता आणि पायल व्हरांड्यात उभी होती. ती गेली नाही. सकाळी ती डबा घेऊन आली होती, तो तिनं दप्तरातून काढला, परातीत रिकामा केला आणि शालूच्या शेजारी जाऊन बसली. शालू फक्त थोडी सरकली. भावानं आणखी दोनदा हॉर्न वाजवला आणि गेला. तो डबा तिला आईनं दिला होता की आजीनं, घरात काय रामायण झालं, हे शाळेला कधी कळलं नाही. राधेश्यामभाऊ सव्वीस जानेवारीच्या झेंड्याला आले तेव्हा त्यांनी सरांना नमस्कार केला नाही. पण सरांची कागदपत्रंही अडली नाहीत. सरांनी तेवढ्यावर समाधान मानलं.

परात पुन्हा भरू लागली. स्नेहसंमेलन झालं. नाटकात ऐन वेळी राजाच्या मिशा पडल्या आणि त्यालाच सगळ्यात जास्त टाळ्या मिळाल्या. सर आता रोज पंगतीत बसत होते. खिडकीतून जे दिसत नव्हतं ते त्यांना तिथं बसल्यावर दिसू लागलं. हरिओम एकच भाकरी खायचा. परात दुसऱ्यांदा फिरली की हात आडवा करायचा. बस झालं म्हणायचा आणि उठून ताट धुवायला जायचा. चांगलं वाढतं पोर, कापूस वेचून येणारं, एका भाकरीत त्याचं काय होणार होतं? शालू आग्रह करायची, दैवशालाबाई करायच्या, तो ऐकायचा नाही. बाकी कुणालाच माहीत नव्हतं परातीत कुणी काय टाकलं. पण आपण काही टाकलेलं नाही हे हरिओमला माहीत होतं, आणि ते त्याच्यापासून लपवणारी परात सरांजवळ नव्हती.

सरांनी एकदा सुहासिनी मॅडमना विचारलं की गोजरबाईंच्या घरी थोडी ज्वारी पोचती करावी का. मॅडम म्हणाल्या, तेवढं करू नका. ज्वारी त्यांच्याकडं आहे, सर. दळून आणायला आणि थापायला माणूस नाही. आणि तुम्ही पोतं नेऊन टाकलंत तर तो उद्यापासून एकही भाकरी खाणार नाही. सरांना पटलं. नाइलाजानं ते गप्प बसले, आणि या वेळचं गप्प बसणं त्यांना चांगलंच जड गेलं. रोज तो आडवा हात बघायचा आणि आपला घास गिळायचा.

दहावीची प्रात्यक्षिकं झाली. तोंडी परीक्षा झाल्या. फेब्रुवारीत निरोप समारंभ ठरला. त्याच्या आदल्या दिवशी दहावीचा शेवटचा नियमित वर्ग होता आणि मधल्या सुट्टीत शेवटची पंगत. नववीच्या पोरांनी व्हरांडा झाडला होता. परात भरून आली तेव्हा दैवशालाबाई तिच्याकडं बघतच राहिल्या.

पातळ, गोल भाकरींच्या मध्ये तीन भाकरी वेगळ्याच होत्या. जाडजूड, कडा फाटलेल्या, एकीला तर कोपरे होते. एका अंगानं काळ्या पडलेल्या आणि दुसऱ्या अंगानं पांढऱ्या. या गावातल्या कुठल्याही बाईच्या हातून असली भाकरी उतरली नसती, आठवीतल्या पोरींच्या हातूनसुद्धा नाही. सगळ्यांनी परातीकडं पाहिलं. पाचवीतलं एक पोर हसू लागलं, त्याच्या शेजारच्यानं त्याला कोपर मारलं. नियम होता. कुणी कुणाला विचारायचं नाही. कुणी विचारलं नाही.

शालूनं वाढायला सुरुवात केली. त्यातली एक भाकरी सरांच्या ताटात आली. तिनं मुद्दाम टाकली की हाताला आली म्हणून, कोण जाणे. दुसरी पायलच्या ताटात पडली. पायलनं ती मोडली, ठेच्याला लावली आणि खाऊ लागली. सरांनीही घास घेतला. मधे कच्ची होती, मीठ जास्त पडलं होतं. त्यांनी शेवटच्या तुकड्यापर्यंत ती खाल्ली. समोरच्या रांगेत हरिओम खाली मान घालून जेवत होता. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना तव्याचे चटके होते, ती बोटं दुमडून तो घास घेत होता. सरांनी ते पाहिलं आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

परात दुसऱ्यांदा फिरली. शालू हरिओमपाशी आली आणि रोजच्या सवयीनं, तो नको म्हणणार हे धरूनच, पुढच्या पोराकडं वळली.

‘‘ए शालू,’’ हरिओम म्हणाला. त्यानं ताट पुढं केलं होतं. ‘‘मला वाढ की.’’

शालू मागं फिरली. तिनं दोन वाढल्या आणि त्यानं दोन्ही घेतल्या.